घरगल्लीची नोंदवही

गिरगावातील जुन्या चाळींच्या पाठीमागे, दोन इमारतींच्या भिंतींमध्ये जो चिंचोळा बोळ असतो, त्यास आम्ही घरगल्ली म्हणतो. भुयारी गटारे होण्यापूर्वी टोपलीच्या संडासातील मैला वाहून नेणाऱ्या सफाई कामगारांची ही वाट. पुढे मैलापाण्याचे नळ आले, तेही याच वाटेने. 1896 साली मांडवीत उद्भवलेल्या प्लेगने हवा-उजेडाविना दाटलेल्या वस्तीचे परिणाम या शहरास दाखविले आणि 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तरी या बोळांचा प्रश्न मागील दारीच राहिला.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्यास त्या दिवशी त्याचा दहावा हिस्साही नव्हता, त्यामुळे गिरगाव त्या महापुरातून वाचले. परंतु मागाहून उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस जेव्हा शहरात बळी घेऊ लागला, तेव्हा आमच्या खिडकीखाली तुंबलेल्या काळ्या पाण्याकडे आमची दृष्टी प्रथमच भयाने वळली. ही गल्ली कोणाची, हा वाद तर पिढीजात होता. घरमालक म्हणत, 1947 च्या भाडे कायद्याने गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणत, आम्ही भाडेही देतो आणि करही. आणि सरकारी दप्तरी जागा खासगी.

रहिवाशांनी आपल्या परिसराची देखरेख करावी आणि पालिकेने त्यांच्या तक्रारींची प्राधान्याने दखल घ्यावी, अशा आशयाची प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना महानगरपालिकेने 1997 सालापासून चालविली होती. तिचा आधार घेऊन आमच्या गणेशोत्सव मंडळाने विभाग कार्यालयात अर्ज केला, आणि एके सकाळी कनिष्ठ अभियंता व सफाई खात्याचे मुकादम पाहणीस आले. मुकादमांनी लोखंडी सळईने गटाराचे तोंड मोकळे केले, तेव्हा बाहेर आले ते नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, दाढीची पाती आणि कोणाच्या तरी देवघरातील सुकलेल्या हारांचा लगदा. सळई भिंतीस टेकवून ते शांतपणे म्हणाले, "वरून पडतंय ते तुम्ही थांबवा, खाली साचलेलं काढणं माझ्याकडे."

त्या एका वाक्यात आमच्या साऱ्या कराराचे कलम होते. वर्गणी काढून आम्ही मागील प्रत्येक खिडकीस लोखंडी जाळी बसविली, आणि मंडळाच्या मुलांनी मजल्यामजल्यावर फिरून ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय लावली. पालिकेने फुटलेल्या लाद्या उखडून उतार नव्याने दिला, उंदरांच्या बंदोबस्तासाठी माणसे धाडली आणि सफाईचा वार मुक्रर केला. तळमजल्यावरील एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे एक नोंदवही ठेवण्यात आली. सफाई झाली की मुकादमांची सही आणि त्याखाली बाईंचा शेरा. कोणत्या मजल्यावरून कचरा पडला, तेही तितक्याच निःपक्षपातीपणे त्याच पानावर. पुढील पावसाळ्यात पाणी तुंबले नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, इतकी वर्षे ज्यांचे नावही आम्ही विचारले नव्हते, त्या कामगारांसाठी आमच्या घरांतून चहा जाऊ लागला, आणि त्यांना हातमोजे व गमबूट वेळेवर मिळावेत म्हणून आमचेच लोक कार्यालयात खेटे घालू लागले.

लोकसहभाग म्हणजे नागरिकांनी झाडू हाती घ्यावा आणि शासनाने मोकळे व्हावे, असा अर्थ कोणी करू नये. स्वच्छता राखणे हे 1888 च्या अधिनियमाने महानगरपालिकेवर घातलेले बंधनकारक कर्तव्य आहे, आणि ते तिचेच राहिले पाहिजे. परंतु ते पार पाडणे शक्य व्हावे अशी वर्तणूक ठेवणे, आणि ते पार पडले की नाही याचा सतत हिशेब घेणे, ही दोन कामे नागरिकांवाचून दुसरे कोणीही करू शकत नाही. गिरगाव, परळ, लालबाग येथील ज्या चाळी अजून उभ्या आहेत, त्यांच्या प्रत्येक घरगल्लीस अशी एक नोंदवही असावी, आणि पुनर्विकासानंतर त्याच जागी जे उत्तुंग इमारतींत राहावयास जातील, त्यांनी ती जुन्या सामानाबरोबर टाकून देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.