फॉर्म कुणाचा भरायचा?

"सर, कॅपचा फॉर्म भरू का डायरेक्ट कॉलेजचा?" बारावीचा निकाल लागला की येलदरीत माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी उलट विचारतो, फी कोण भरणार?

इंजिनिअरिंगच्या खासगी कॉलेजात जायच्या मुख्य वाटा दोन. एक राज्याच्या सीईटी सेलची केंद्रीभूत प्रक्रिया, म्हणजे कॅप. एकच अर्ज, गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम. दुसरी वाट कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्मची, व्यवस्थापन कोट्यातली. वर्ग, बाक, मास्तर, डिग्री सगळं तेच. पण शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून आलेल्यालाच मिळते. 2024 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं, तेही कॅपमधूनच. व्यवस्थापन कोट्यात हीच मुलगी बसली, तर फी पूर्ण. एकदा नव्हे, चारही वर्षं.

हे कॉलेजचा माणूस सांगत नाही. तो निकालाआधीच फोन करतो, "सीट पक्की करून टाका," म्हणतो. टोकन मागतो आणि सोबत मूळ टीसी, मार्कमेमो ठेवून घेतो. कॅपमध्ये जागा लागल्यावर कागद परत आणायला गेलं की साहेब जागेवर नसतात.

कॅपचा अर्ज मात्र जीव खातो, हेही खरं. धरणात मासे धरणाऱ्या एका बापाची मुलगी अर्जाला बसली. ओटीपी बापाच्या फोनवर, आणि बाप जाळं टाकायला पाण्यात, तिथे रेंज नाही. तो संध्याकाळी काठाला लागला तेव्हा अर्ज पुढे सरकला. मग कळलं की नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चलाच संपलीय. टीसीवर आडनाव एक, जातीच्या दाखल्यावर दुसरं. कॉलेजच्या फॉर्मला यातलं काही आडवं येत नाही. त्याची भुरळ पडते ती इथेच.

कॅपसारखा सामायिक अर्ज अमेरिकेतही आहे. 1975 साली पंधरा कॉलेजांनी मिळून तो सुरू केला. तिथे अर्ज एक, पण निवड ज्या त्या कॉलेजची. आपल्याकडे जागावाटपही यंत्रणाच करते, म्हणून पसंतीक्रमावर सगळं ठरतं. 2025-26 च्या नियमांनुसार इंजिनिअरिंगला पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की जागा आपोआप गोठते, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही लागलं, तरी तेच. तेव्हा "बघू, टाकून ठेवू," म्हणून वर काहीबाही लिहायचं नाही. नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी कॉलेज हवं असेल, तर ते एक नंबरलाच टाकायचं. मिळणार नाही या भीतीने खाली टाकणारे मला दरवर्षी भेटतात. वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही, हे त्यांना पटवताना घसा कोरडा पडतो.

अकरावीलाही आता हेच आलंय. 2025 पासून ऑनलाइन प्रवेश अख्ख्या राज्यात लागू झाला. पूर्वी आपल्या पोरांनी जिंतूरला जाऊन फी भरली की झालं. आता शंभर रुपये भरून दहापर्यंत पसंत्या. ज्याला शेजारच्या गावातल्या एकाच कॉलेजात जायचंय, त्यालाही पोर्टल चुकत नाही. मुंबई-पुण्याची गर्दी आवरायला केलेली सोय इथे कशाला, असा प्रश्न मला पडतो.

साध्या बीए, बीएस्सीला मात्र अजून थेट कॉलेजचाच फॉर्म. तिथे नेट कॅफेवाल्याला कॅपचे पैसे देऊ नयेत. बीबीए, बीसीए 2024 पासून सीईटीखाली गेले. तेव्हा काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून त्यातून सुटका करून घेतली. त्यामुळे तिकडे जायचं असेल, तर बाहेरची पाटी वाचून भागत नाही. हा कोर्स कॅपमध्ये आहे का, आणि शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर त्याची शिष्यवृत्ती दिसते का, हे दोन्ही पैसे भरायच्या आधी विचारायचं.