भिरभिरे

जत्रेत उंच बांबूला खोचलेली रंगीबेरंगी भिरभिरी दिसली, की लहान मुलांचे पाय तेथेच घुटमळतात. पैसे मोजले म्हणजे भिरभिरे हाती येते. ते का फिरते हे मात्र त्याबरोबर मिळत नाही. त्यासाठी ते घरीच करावयास हवे.

जुन्या दिनदर्शिकेचे एक पान, कात्री, टाचणी, मणी आणि ज्वारीच्या धाटाचा तुकडा, एवढ्यावर काम भागते. सुमारे १५ सेंटिमीटर बाजूचा चौरस घेऊन चारही कोपऱ्यांपासून मध्याकडे कात्री न्यावी आणि मध्य २ सेंटिमीटर उरला की थांबवावी. मग प्रत्येक कोपऱ्याचे एकेक टोक मध्याशी वळवून त्यांतून टाचणी ओवावी, मागे मणी घालावा आणि टाचणी धाटात रोवावी. तिचे टोक पलीकडे येऊ देऊ नये.

इतके करूनही पहिले भिरभिरे बहुधा फिरत नाही! धाकटा भाऊ फुंकून फुंकून लाल होतो, आणि शेजारी बसलेल्या ताईचे हात शिवशिवू लागतात. 'आण इकडे' म्हणून तिने ते हिसकावून घेतले, तर भिरभिरे क्षणात फिरेल. पण ते ताईचे होईल. ती जर शहाणी असेल, तर हात मांडीखाली दाबून गप्प बसते. भाऊ बोटाने पाते ढकलून पाहतो. कागद टाचणीच्या डोक्याखाली दाबला गेला आहे, हे त्याला दिसते. तो टाचणी किंचित सैल करतो, पुन्हा फुंकर मारतो, आणि चारही पाती रंगांत रंग मिसळत गरगरू लागतात. त्या वेळचा त्याचा चेहरा जत्रेत विकत मिळत नाही. घरभर पडलेले कपटे वेचणाऱ्या आजीला या शोधाचे फारसे कौतुक नसते, ही गोष्ट वेगळी.

एकदा हात बसला, की नवे प्रश्न सुचू लागतात. टोके उलट बाजूने वळवली तर? भिरभिरे उलटे फिरते. कागदाची पट्टी अर्ध्यापर्यंत उभी चिरून तिची दोन पाती विरुद्ध दिशांना दुमडली आणि खालच्या टोकाला घड्या घालून ती उंचावरून सोडली तर? ती गिरक्या घेत सावकाश खाली उतरते. माधवीलतेचे तीन पंखांचे फळही असेच गिरक्या घेत वाऱ्याबरोबर वेलीपासून दूर जाते. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेत अरविंद गुप्ता यांनी कागद, काड्या अशा टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून असंख्य मुलांना विज्ञानाची गोडी लावली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुपारी वारा पडतो. झाडाचे पानही हलत नाही. भाऊ भिरभिऱ्याकडे पाहतो, मग अंगणाकडे. आणि धाट समोर धरून धावत सुटतो.