टाकीचं अपचन

"मेकॅनिकलला आहेस ना, मग बघ जरा काय झालंय ते!" घरचं कोणी असं म्हणालं की समजायचं, आता आपली खैर नाही. मिक्सर, पंखा, मोटर... सगळ्याला इंजिनिअर पोरगी जबाबदार!

आधीच सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी बेताचंच आहे. 'खरकटं' आणि 'उष्टं' यात फरक असतो हे मला विसाव्या वर्षी कळलं, तेही एका टाकीमुळे. ही टाकी आमच्या राजूरच्या घराच्या परसात आहे. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा बायोगॅस. पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या डॉ. आनंद कर्वे यांनी हा छोटा प्लांट तयार केला आणि २००६ साली त्याला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. रचना एकदम सोपी. हजार लिटरची एक प्लास्टिकची टाकी आणि तिच्यात उलटी बसवलेली थोडी लहान टाकी. गॅस तयार झाला की ही वरची 'टोपी' वर येते, वापरला की खाली बसते. रोज दोनेक किलो उरलंसुरलं पाण्यात कालवून घालायचं, बस्स! काकांनी तो बसवला तो आजीसाठी. चुलीच्या धुराने तिला खोकला लागायचा. सिलिंडर घरात आहे, पण तो आजी पाहुण्यांसाठी राखून ठेवते!

सेमिस्टर संपवून मी डिसेंबरात राजूरला गेले. तेव्हा गावात डांगी जनावरांचं प्रदर्शन असतं, त्यामुळे घरी पाहुण्यांची ही गर्दी. रोज पातेलंभर भात उरायचा. मी उत्साहाने सगळा टाकीत ओतला. इनपुट जास्त तर आउटपुट जास्त, साधा हिशोब! चौथ्या दिवशी सकाळी आजीने शेगडीला काडी लावली आणि ती विझली. दुसरी लावली, तीही विझली. आजी काही बोलली नाही, परसात जाऊन चूल पेटवली. थोड्या वेळाने तिचा खोकला ऐकू आला. मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

मग सुरू झालं माझं ट्रबलशूटिंग. पाइपला कुठे झोळ पडला की त्यात पाणी साठून गॅस अडतो, म्हणून पाइप सोडवून पाणी काढलं. कोरडा! बर्नरची भोकं सुईने साफ केली. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावला (गळती शोधायला काडी कधीच पेटवू नका!). एकही बुडबुडा नाही. आणि गंमत म्हणजे टोपी चांगली वर आलेली. म्हणजे गॅस होता, पण जळत नव्हता. हे कुठल्या पुस्तकात आहे?

अमेरिकेतल्या आत्याला फोन लावला. तिच्या सिंकखाली खरकटं दळणारं मशीन आहे. हे यंत्र १९२७ साली विस्कॉन्सिनमधल्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने शोधलं. आत्या म्हणाली, "आमचं अडकलं तर आधी स्विच बंद करायचा, खालून ॲलन की घालून फिरवायचं आणि लाल बटण दाबायचं. तुमच्याला रीसेट नाही का गं?"

नाही ना आत्या!

दोन दिवस माझी ही धडपड बघून आजीने विचारलं, "अगं, पण त्याला खायला काय घातलंस?"

मी सांगितलं. आजी हसली. म्हणाली, "जनावराने एकदम दाणे खाल्ले तर पोट फुगतं त्याचं. ह्याचं तेच झालंय. उपाशी ठेव त्याला."

मी चुलत भावाच्या शाळेतून निळा लिटमस आणवला. टाकीतल्या पाण्यात बुडवला, लालभडक! मग वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. टाकीत दोन प्रकारचे जंतू असतात. पहिले अन्नाचं ॲसिड करतात, दुसरे त्या ॲसिडपासून मिथेन. पहिले भराभर वाढतात, दुसरे सावकाश, आणि थंडीत तर आणखीनच मंद. भात जास्त झाला की ॲसिड साठतं, मिथेनवाले गारठतात आणि टोपीत भरतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. काडी विझणारच! गाईच्या पोटातही असंच चालतं. दाणे जास्त झाले की तिथेही ॲसिडच वाढतं. आजीने हे लिटमसशिवाय सांगितलं होतं.

उपचार सुरू केले. आठवडाभर खरकटं बंद. टोपीतला बिनकामाचा गॅस बाहेर सोडला. थोडी चुन्याची निवळी घातली. शेजारच्या मामांकडून डांगी गाईचं ताजं शेण आणून कोमट पाण्यात कालवून दोन बादल्या ओतल्या, कारण मिथेनचे जंतू शेणात आयते मिळतात. टाकीला गोणपाट गुंडाळलं. रोज टोपी गोल फिरवायची, म्हणजे वरची साय मोडते. पण सुट्टी संपली तरी शेगडी पेटली नाही. निघताना आजीच्या पाया पडले तेव्हा तिच्या लुगड्याला धुराचा वास येत होता.

हॉस्टेलवर आल्यावर पाचव्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. "पेटला गं! निळा पेटला. चहा ठेवलाय."

मित्रांनो, सहा सेमिस्टरमध्ये मी बरीच मशीन्स उघडली आणि बंद केली. पण बिघाड शोधताना स्पॅनर उचलायच्या आधी "ह्याला खायला काय घातलं?" हे विचारायचं, ते मला आजीने शिकवलं.

आता टाकीला रोज दोनच किलो मिळतं, थंडीत त्याहून कमी. आणि उरलेला भात? आजी म्हणते, "आधी कमी शिजवायला शिका!"