कानाखालचा आवाज

शनिवारी संध्याकाळी ताई आणि भाचा घरी आले. मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. एरवी हा पोरगा जिन्यावरूनच 'मामाऽऽ' करत येतो. त्या दिवशी तो गुपचूप येऊन पलंगावर बसला. डावा हात कानावर.

"काय झालंय रं?"

"काय न्हाई. पडलो."

खालून ताईचा आवाज आला, "कान दुखतोय त्याचा. मी तेल तापवायला ठेवलोय, लसूण घालून."

मी दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेलो आणि गॅस बंद केला. ताई माझ्याकडे बघतच राहिली. ते तेल का नको, हे सांगायचं तर मला २००९ सालात जावं लागतं.

तेव्हा मी सातवीत होतो. वर्गात कोण बोललं, हे सरांना कळलं नाही आणि मी तोंडासमोर सापडलो. सणकन एक बसली. कानात वीज गेल्यासारखी कळ आली, मग सुंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि सरांचं पुढचं बोलणं मला मडक्यातून आल्यासारखं ऐकू आलं. तासाभरात दुखणं कमी झालं. मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "काहीतरी केलं असशील म्हणूनच मारलं" असं म्हणून दुसरी मिळाली असती. सकाळी उशीवर गुलाबी-पिवळा डाग होता. आजीला म्हटलं, पडलो. आजीने मायेने कोमट तेल घातलं. ते घशात उतरल्यासारखं वाटलं, पण कानातलं तेल घशात कसं येईल, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

उत्तर सोपं होतं. पडद्याला भोक पडलं होतं. पडद्यामागच्या पोकळीतून एक नळी थेट घशाच्या मागे उघडते.

नंतरची काही वर्षं सर्दी झाली, पंचगंगेत डुंबून आलो, की कान वाहायचा. आपल्याकडे त्याला 'कान फुटला' म्हणतात आणि चार दिवस कापूस घालून विषय संपवतात. इंजिनिअरिंगला मी कायम उजव्या बाजूला माणसं बसतील अशी जागा धरायचो. नोकरीत हेडफोनचा डावा स्पीकर बिघडलाय म्हणून नवा हेडफोन घेतला, तोही 'बिघडलेला' निघाला. चोविसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. कानामागच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याला लावलं. ऐकू बरंच परत आलं. सगळं नाही.

म्हणून भाच्याला मी एकेक प्रश्न विचारत गेलो. आधी जोरात दुखून मग कमी झालं का? हो. आवाज येतोय? हो, डासासारखा. ऐकायला कमी येतंय? हो. शर्टाच्या कॉलरवर रक्ताचा बारीक ठिपका होता. आणि शेवटी तो स्वतःच म्हणाला, "मामा, नाक शिंकरलं की कानातनं पीऽऽ वाजतंय." पुन्हा शिंकरू नकोस, एवढंच मी म्हणालो.

दुखणं कमी होतं, हाच यातला मोठा धोका आहे. आपण समजतो, बरं झालं.

कानाचा पडदा साधारण एक सेंटीमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड असतो. उघडा तळहात कानावर सपाट बसला, की जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या नळीतली हवा कोंडते. तिला पडद्याशिवाय दुसरी वाट नसते. विहिरीत उडी मारताना कानावर आपटलं तरी हेच होतं. कोल्हापुरात कान म्हटलं की लोकांना विसर्जनाचा डॉल्बी आठवतो. त्याने पडदा सहसा फाटत नाही. तो आतल्या केसांसारख्या नाजूक पेशी मारतो आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पडदा मात्र बहुतेक वेळा स्वतःहून भरून येतो, आपण त्याच्या वाटेत आलो नाही तर.

राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं. पडद्यात चिरेसारखं छोटं भोक होतं. मग त्यांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून भाच्याच्या कपाळावर मधोमध टेकवला. "कुठल्या कानात मोठं वाजतंय?" त्याने डाव्या कानाकडे बोट केलं. ताई गोंधळली, दुखरा कान तर तोच. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. बिघाड पडद्यापाशी असला तर आवाज त्याच कानात मोठा येतो. आतली नस दुखावली असती तर तो चांगल्या कानात गेला असता.

सूचना साध्या होत्या. कान कोरडा ठेवा. तेल नाही, बड नाही, मनाने आणलेले थेंब नाहीत. नाक जोरात शिंकरायचं नाही. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा. पोहणं बंद. दीड महिन्याने दाखवा. गरगरायला लागलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा अचानक काहीच ऐकू येईना, तर त्याच दिवशी या. घाण वासाचा स्राव आला तरी थांबू नका. शेवटी त्यांनी विचारलं, "लागलं कशानं?"

"पडला," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. उजव्या हाताच्या माणसाने समोरून मारलेली डाव्या कानावर बसते. माझाही डावाच होता.

खाली गाडीपाशी मी ताईला म्हटलं, "मी पण पडलो नव्हतो." तिला पंधरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. ती रडली नाही. "मोबाईलवरनं झालं," एवढंच म्हणाली. "त्यांनी एकच मारली."

आमचे आजोबा तालमीतले. त्यांचा कान मोडलेला होता, फुलकोबीसारखा, आणि ते तो अभिमानाने मिरवायचे. खासबाग मैदानात फिरलात तर असे कान आजही दिसतील. त्या कानामागे समोरासमोरची, बरोबरीची झुंज असते. पोराच्या कानामागे काय असतं? 'कानाखाली आवाज काढीन', 'जाळ काढीन', हे आपण हसत म्हणतो. आवाज खरंच निघतो. मारणाऱ्याला तो क्षणभर ऐकू येतो, पोराला कित्येक दिवस. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेतल्या मारावर बंदी आणली, तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मला काही महिने उशीर झाला. पण घरात कलम वाचून दाखवता येत नाही.

दाजी रात्री आले. माझ्यापेक्षा मोठे, मानाचे. मी काय बोलायचं, याची तीनदा तालीम केली होती. प्रत्यक्षात मोबाईलवर पडद्याचा फोटो दाखवला आणि म्हटलं, "दाजी, माझा असाच फाटलेला. मी पण घरात पडलो म्हणूनच सांगितलेलं." ते बराच वेळ फोटो बघत राहिले. मग भाच्याला हाक मारली, नेहमीच्या आवाजात. त्याने वळून बघितलं नाही, डावी बाजू त्यांच्याकडे होती. दाजींनी पुन्हा हाक मारली नाही. उठून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

दीड महिन्याने भोक बुजलेलं होतं. श्रवण तपासणी अजून बाकी आहे, तीन महिन्यांनी. दाजींनी आता कधीच हात उचलला नाही, असं मी लिहिणार नाही, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की तो दीड महिना रोज सकाळी अंघोळीआधी कापसाला व्हॅसलीन लावून बोळा बसवायचं काम त्यांनी ताईला करू दिलं नाही. एकदा मी तिथेच होतो. दोन बोटांत बोळा धरून ते विचारत होते,

"घट्ट न्हाई न्हवं झाला?"

आणि पोरगं मान हलवून सांगत होतं, न्हाई.