वाजवून घ्यावे

मडके बोटाने वाजवून घ्यावे, असे आपली जुनी माणसे सांगत. माझी आजी बाजारात कुंभारापुढे बसून एकेका मडक्याला टिचकी मारी आणि कान देऊन ऐके. बारीक तडा डोळ्यांना चकवतो, कानाला चकवत नाही. मौज अशी, की मडक्याची एवढी परीक्षा करणारे आपण, जी वस्तू केवळ वाजण्यासाठीच जन्माला आली ती मात्र खोक्यावरचे आकडे वाचून घेतो. मोटारीतल्या स्पीकरविषयी मी हे बोलतो आहे.

आम्ही राहतो कोरेगाव भीमाला, नगर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांचे ट्रक या रस्त्याने रात्रंदिवस धडधडत असतात. महिन्यातून एकदा आबांना घेऊन आम्ही शिरूरला आत्याकडे जातो. आबांना ७८ वे वर्ष लागले आहे. वाटेत पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन लावायचे, हा आमचा ठरलेला शिरस्ता. आम्ही हसतो, आबाही हसतात. एकदा घरी परतल्यावर सौ. हळूच म्हणाली, "अहो, आबा आधी आपल्याकडे बघतात आणि मग हसतात."

ते वाक्य मला फार लागले. म्हातारपणी कान जातो तो एकदम जात नाही. उंच, बारीक स्वर आधी जातात. आणि स, श, च या अक्षरांचा सारा जीव त्या बारीक स्वरांतच असतो. म्हणजे माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द येत नाहीत. 'सात' म्हणावे तर कानी पडते 'आत'! अशा वेळी आवाज वाढवला तर गोंगाट तेवढा वाढतो. त्यातून आमच्या गाडीचे स्पीकर जुने, दारात गुडघ्यांच्याही खाली बसवलेले. नवे घ्यायचे ठरले.

रस्त्यालगतच्या एका दुकानात मी आबांना घेऊन गेलो. भिंतीवर फळी, फळीवर ओळीने स्पीकर आणि खाली बटणे. "साहेब, नुसता बेस बघा!" म्हणून दुकानदाराने एक बटण दाबले. टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरले. आबा अदबीने म्हणाले, "छान आहे." दुसरे बटण दाबले. "हेही छान आहे."

खोक्यावर ठळक अक्षरांत '३०० वॅट' होते आणि कोपऱ्यात, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, '५० वॅट आरएमएस'. पहिला आकडा क्षणभराच्या उसळीचा, दुसरा सतत पेलण्याच्या ताकदीचा. लग्नात नवऱ्या मुलाचा पगार सांगतात ना, त्यातलाच प्रकार! शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज चढतो अवघा ३ डेसिबलने. कानाला तो फरक बेताचाच जाणवतो.

फळीवरची दुसरी गंमत कानाचीच. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले, की आवाज लहान असला म्हणजे खर्जाचे स्वर आपल्याला फारच कमी ऐकू येतात. म्हणून दोन स्पीकरांतला जो किंचित मोठ्याने वाजतो, तोच भरदार वाटतो. तेव्हा तुलना करायची ती दोघांचा आवाज सारखा ठेवून आणि आपल्या ओळखीचे काहीतरी लावून. मी दुकानदाराला म्हटले, "तुमचे गाणे राहू द्या. माझ्या मोबाइलवरची 'म्हैस' लावा."

"म्हैस?" तो चपापला. पण रत्नागिरीहून मुंबईला निघालेली ती एस. टी. दुकानात सुरू झाली आणि पेल्यातले पाणी हलवणारा पठ्ठ्या पु. लं.ना जणू घागरीत तोंड घालून बोलायला लावू लागला. दुसरा बरा निघाला. तरी फळी म्हणजे काही गाडीचे दार नव्हे, म्हणून मी गाडीतच ऐकायचे ठरवले.

दुकानदार मोठा हौशी. त्याने तात्पुरत्या तारा ओढल्या. बारीक स्वर किरणांसारखे सरळ जातात. पायाशी वाजले तर पायालाच ऐकू येतात. म्हणून छोटा ट्वीटर वेगळा असलेला जोड त्याने घेतला, मोठा स्पीकर दाराशी ठेवला आणि ट्वीटर वर, काचेच्या खांबाला चिकटपट्टीने लावला. आबा पुढच्या सीटवर, मी चाकाशी. काचा थोड्या खालीच ठेवल्या, कारण गाडी काही देवघरात चालायची नाही. बाहेरून ट्रक गेले, एस. टी. खच्चून भोंगा वाजवत गेली.

मी आबांकडे पाहत होतो. ते समोर रस्त्याकडे पाहत होते. आणि एका वाक्याला ते हसले. माझ्या आधी हसले! ट्रकच्या आवाजात माझेच ते वाक्य निसटले होते. मी त्यांच्याकडे बघून हसलो.

किमतीत थोडी घासाघीस झाली, तीही रीतीपुरती. जोडणी होऊन आम्ही घराकडे वळलो, तेव्हा उत्साहाच्या भरात मी आवाज दोन घरे चढवला. आबांनी माझ्याकडे रोखून पाहिले.

"कमी कर तो आवाज," ते म्हणाले. "मला काय बहिरा समजतोस?"