गॅरेजमधला अदोबो

मंडळी, आधीच सांगून टाकते. आजचा लेख डुकराच्या मांसाबद्दल आहे. सोलापूरच्या वन्संनी आणि आमच्या धाकट्या जाऊबाईंनी इथेच थांबायला हरकत नाही. त्या थांबणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण मग फोनवर "अगंबाई, हे काय ऐकतेय मी" असं विचारायचं नाही. जे काही आहे ते मी स्वतःच खाली लिहिलं आहे.

आमचं घर वरण-भात-तुपाचं. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. मुलगा लहानपणी अशक्त होता, म्हणून डॉक्टरांनी अंडं सुरू करायला सांगितलं, तर ते अंगणात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात उकडलं जायचं आणि पातेलं बाहेरच पालथं पडायचं. तोच मुलगा पुढे कॅलिफोर्नियात गेला आणि तिथे त्याने एका फिलिपिनो मुलीशी लग्न केलं. ते राहतात डेली सिटीला. सॅन फ्रान्सिस्कोला अगदी खेटून असलेलं, कायम धुक्यात बुडालेलं हे गाव. फिलिपिनो वस्ती इतकी, की बसस्टॉपवर उभं राहिलं तरी कानावर तागालोग पडतं. सूनबाई नर्स आहे. मुलगी सोन्यासारखी आहे, हे मी याआधी अनेकदा लिहिलंय, तेव्हा पुन्हा लिहीत नाही.

२०१६ साली नातवाचा जन्म झाला तेव्हा आम्ही दोघी आज्या एकाच वेळी तिथे होतो. मी साताऱ्याहून आणि विहीणबाई बातांगासहून. बातांगास हा मनिलाच्या दक्षिणेचा प्रांत, आणि त्यांचं गाव ताल. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, माझं म्हणजे मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईचं! तरीही पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. आपलं नातं इंग्रजीत काय म्हणून सांगायचं, हे दोघींनाही सुचेना. "माझ्या मुलाच्या बायकोची आई" असं लांबण लावावं लागतं त्या भाषेत. तेव्हा त्या म्हणाल्या, "बालाए." तागालोगमध्ये व्याही आणि विहीण दोघांनाही हा एकच शब्द आहे. मी म्हटलं, "आमच्यात विहीण." त्यांना 'ही' लांबवता येईना. शेवटी दोघींनी एकमेकींना बालाएच म्हणायचं ठरवलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी लेकीसाठी अदोबो केला. म्हणजे डुकराचं मांस व्हिनेगर, लसूण, मिरी यांत मंद आचेवर शिजवतात तो पदार्थ. नाव स्पॅनिश, पण व्हिनेगरमध्ये शिजवायची रीत स्पॅनिश लोक येण्याआधीपासूनची. १६१३ सालच्या एका स्पॅनिश-तागालोग शब्दकोशात याला 'इथल्या लोकांचा अदोबो' अशा अर्थाने म्हटलेलं आहे, म्हणजे पाहुण्यांनी आपलं नाव यजमानाच्या पदार्थाला चिकटवलं. उष्ण हवेत मांस टिकावं म्हणून व्हिनेगर. बी.एड.ला असताना माझ्या खोलीत मडगावची एक मैत्रीण होती. तिच्या आईचा विंदालू असाच चार-चार दिवस टिकायचा म्हणे, आणि त्यात माडाच्या सुरीचं व्हिनेगर पडायचं. फिलिपिन्समध्येही माडाच्या ताडीचं व्हिनेगर करतात. असो, हे सगळं मला आता कळलंय. तेव्हा मला फक्त वास कळला.

मी पदर नाकाला लावला आणि आतल्या खोलीत जाऊन खिडकी उघडून बसले. रात्री जेवायला बोलावलं तर म्हटलं, "माझा उपास आहे." त्या दिवशी बुधवार होता. मुलाने माझ्याकडे पाहिलं, पण तो काही बोलला नाही.

विहीणबाईही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला पाठवून एक स्लो कुकर आणवला आणि तो खाली गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनवर ठेवला. डेली सिटीत घरं वर आणि गॅरेज खाली असतं. मधे चौदा पायऱ्या. विहीणबाईंचा उजवा गुडघा दुखरा. त्या स्वेटर चढवून, कठडा धरून खाली जायच्या आणि सहा-आठ तासांनी पुन्हा खाली जाऊन भांडं वर आणायच्या. तेही माझं जेवण उरकल्यावर. आधी मला विचारायच्या, "कुमाइन का ना?" म्हणजे जेवलीस का? मी हो म्हटलं की मगच त्यांची पानं मांडली जायची.

आणि मला काय वाटलं? मला वाटलं, चला, बरी सोय झाली. अंगणातली शेगडी डोळ्यांसमोर असूनही मला काही आठवलं नाही. सहा आठवड्यांत मी एकदाही त्या पायऱ्या उतरले नाही.

नाही म्हणायला मी एक मदत करायची. लसूण सोलून द्यायची. लसणाला माझी हरकत नव्हती (चातुर्मास नव्हता). दर वेळी दोन अख्खे गड्डे. मी मनात म्हणायची, केवढा हा लसूण! एकदा मी आपलं तमालपत्र पुढे केलं, कारण त्या तसलंच काहीतरी पान टाकत होत्या. त्यांनी ते चुरगाळून हुंगलं आणि खो-खो हसत मला परत दिलं. त्यांचं पान लॉरेलचं, वेगळ्याच झाडाचं. आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास असतो, त्याचा मसालेभातच व्हायचा. तेवढं एक हसणं आमच्या दोघींचं.

२०२४ च्या फेब्रुवारीत विहीणबाई गेल्या. सूनबाई धावत गेली. त्यांच्यात नऊ दिवस प्रार्थना असते, मग चाळिसावा दिवस. रजा संपल्यामुळे ती चाळिसाव्याच्या आधीच परतली, छातीशी एक छोटी काळी पिन लावून. नर्सच्या गणवेशावर काळे कपडे कसे घालणार, म्हणून पिन. वर्षभर ती पिन होती.

मधे एकदा तिने अदोबो केला. बातांगासचा अदोबो पिवळा असतो, त्यात सोया सॉस नसतो, तर हळद असते! ओल्या हळदीला ते 'लुयांग दिलाव' म्हणतात, म्हणजे पिवळं आलं. सूनबाईने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. "नानायसारखा नाही झाला." नानाय म्हणजे आई. मग पुन्हा केला नाही. बाहेरगावी शिकायला गेलेल्या मुलीने आईच्या मागे उभं राहून स्वयंपाक बघितलेला नसतो. आईने बोलावलं की जेवायचं, एवढंच.

वर्ष होत आलं. पहिल्या वर्षाला त्यांच्यात 'बाबांग लुक्सा' करतात, शोक उतरवतात. प्रार्थना, जेवण, आणि काळं उतरवायचं. सूनबाईला रजा मिळाली नाही, त्यामुळे गावी जाणं नाही. घरीच शनिवारी चार माणसं बोलावून करायचं ठरलं. जेवण बाहेरून मागवू, ती म्हणाली. तेव्हा मी तिथेच होते. रात्री झोप येईना. सारखं मनात येत होतं, की या घरात तिच्या आईचा अदोबो शिजताना हजर असलेली मी एकटीच आहे.

हजर म्हणजे काय, पाठ फिरवून. पण मंडळी, माणूस ज्याच्यावर वैतागतो ते त्याच्या पक्कं लक्षात राहतं. मी वही काढली आणि माझ्या तेव्हाच्या तक्रारी लिहायला बसले. लसूण दोन गड्डे, हे माझ्या बोटांना माहीत होतं. हळद पावडरीची नव्हती, ओली होती, कारण किसणी पिवळी व्हायची आणि मी ती घासत बसायची. व्हिनेगर त्या थेट कुकरमध्ये घालत नसत. आधी वर गॅसवर छोट्या पातेल्यात झाकण न ठेवता उकळत, आणि मला ठसका लागायचा. शेवटी भांडं वर आणल्यावर रस पुन्हा कढईत ओतून आटवायच्या, तेव्हा मी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

मुलाला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "बरोबरच आहे की आई!" स्लो कुकरचं झाकण वाफ बाहेर जाऊ देत नाही. ती झाकणाला लागून पाणी होऊन परत आत पडते. त्यामुळे व्हिनेगरचा उग्रपणा उडून जात नाही आणि रसही पातळ राहतो. म्हणून आधी उकळणं, म्हणून शेवटी आटवणं. सूनबाईने पावडर वापरली होती, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या घातल्या होत्या.

शुक्रवारी सूनबाई रात्रपाळीला गेली. मुलाने गॅरेजमधून कुकर वर आणला. मी तो धुतला. आतलं भांडं चिनी मातीचं, जड. विहीणबाई त्यावर नखाने टिचकी मारून "पालायोक" म्हणायच्या ते आठवलं. पालायोक म्हणजे त्यांच्याकडचं मातीचं मडकं. आंबटाला माती बरी, आपण नाही का कैरीचं लोणचं चिनी मातीच्या बरणीत घालत! या कुकरची एक गंमत मुलाने सांगितली. ज्याने याचं पेटंट १९४० साली घेतलं, तो ज्यू होता. शब्बाथला चूल पेटवायची नाही म्हणून आदल्या संध्याकाळी बेकरीच्या भट्टीत रात्रभर मुरत ठेवायच्या पदार्थाबद्दल त्याच्या आईने सांगितलं होतं, त्यावरून त्याला हे सुचलं. म्हणजे डुक्कर वर्ज्य असणाऱ्याच्या भांड्यात, डुक्कर वर्ज्य असणारी बाई डुक्कर शिजवणार. मी हसले, आणि मला जरा धीर आला.

मांस तीन पौंड, दुकानातूनच तुकडे करून आणलेलं. मुलगा म्हणाला मी घालतो. मी नको म्हटलं. सूनबाईचे रबरी हातमोजे घातले, हातात चिमटा घेतला. पहिल्या तुकड्याला पोटात ढवळलं, खोटं कशाला सांगू. पाचव्या-सहाव्यानंतर ते नुसतं काम झालं. वर दोन गड्डे ठेचलेला लसूण, बोटभर लांबीच्या दोन हळकुंडांचा कीस, चमचाभर अख्खी मिरी, लॉरेलची तीन पानं, मीठ, अर्धा कप पाणी आणि उकळून घेतलेलं पाऊण कप व्हिनेगर. रात्री दहा वाजता मंद आचेवर लावलं. आठ तास.

दोन वाजता जाग आली. झाकण उघडायचं नसतं, एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला बराच वेळ लागतो. म्हणून नुसती खुर्ची टाकून शेजारी बसले. वास होताच. पण बसवत होतं.

सहाला रस कढईत काढून आटवायला घेतला. चव कोण बघणार? नातवाला उठवलं. तो डोळे चोळत आला, चमचा चाटला आणि म्हणाला, "आजी, मीठ." घातलं. "अजून." घातलं. मग अंगठा दाखवून झोपायला गेला.

सूनबाई आठला आली. गाडी लावून त्याच चौदा पायऱ्यांनी ती वर येते. वॉशिंग मशीनवरची रिकामी जागा तिला दिसली असणार, कारण दारातूनच तिने ओट्याकडे पाहिलं. पर्स खांद्यावर तशीच. चमचा घेऊन तिने रस चाखला. मी हात पुसत उभी.

"मिरी जास्त झाली," ती म्हणाली. "नानाय मोजून बारा दाणे घालायची." आणि तिने दुसरा चमचा भरला. मग ताट घेतलं, भात वाढला आणि गणवेशातच बसून हाताने जेवू लागली. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा ती रडत होती, पण जेवत होती. मी काही बोलले नाही. मला इंग्रजीत नाहीतरी काय बोलता आलं असतं?

दुपारी प्रार्थना झाली. तिने पिन काढून आईच्या फोटोपुढे ठेवली. फोटोपुढचं पान मी वाढलं, भात आणि अदोबो, आणि सवयीने ताटाभोवती पाणी फिरवलं. ते काय, असं तिने विचारलं. मी सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "तुम्ही जेवलात का, आई?"

नव्हते जेवले. सगळ्यांची पानं टेबलावर होती. मी माझा दहीभात घेऊन तिथेच, तिच्या शेजारी बसले. कुकर आता ओट्यावरच असतो, मिक्सरच्या बाजूला. वहीत मिरीपुढे 'चमचाभर' खोडून 'बारा' लिहून ठेवलंय.