नटाच्या वर आणि नटाच्या खाली

जुनी मोटार पुन्हा उभी करायची म्हटली की बोलणे रंगापासून सुरू होते, क्रोमच्या पट्ट्यांवर रेंगाळते आणि इंजिनपाशी येऊन थांबते. स्टेअरिंगचा विषय निघतो तो शेवटी, आणि निघालाच तर चाकाला कव्हर कोणते घालायचे एवढ्यावर मिटतो. खरे पाहता जपणूक आणि दुरुस्ती यांचे भांडण सबंध गाडीत कुठे चुरशीने होत असेल तर ते इथेच. चालकाचा हात वर्षानुवर्षे जिच्यावर टेकलेला असतो ती वस्तू म्हणजे चाक, आणि त्या हाताचे म्हणणे खाली पोचवणारा लोखंडी दांडा म्हणजे कॉलम. दोन्ही एका नटाने जोडलेली. माझे म्हणणे असे की या नटाच्या वर एक न्याय लावावा आणि खाली दुसरा. वर जे आहे ते होईल तितके जसेच्या तसे राखावे. खाली जे आहे ते झिजले असेल तर कसलीही माया न ठेवता बदलावे. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. चाक चकचकीत नवे येते, आणि कॉलम, त्याच्या तळचा बॉक्स, जोड मात्र होते तसेच राहतात.

वाशीम जिल्ह्यात बसून हे लिहिणे कुणाला चमत्कारिक वाटेल. जॅग्वार, एमजी, ट्रायम्फ या जपल्या जाणाऱ्या जुन्या स्पोर्ट्‌स कारची वस्ती संस्थानिकांच्या गॅरेजांत, नाहीतर मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांकडे. मराठी मुलखाच्या जवळची स्पोर्ट्‌स कार म्हणावी तर गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म: दोघांपुरती, फायबरच्या बॉडीची, रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन असलेली, तीही थोडक्याच निघाल्या. रिसोड किंवा मानोऱ्याच्या रस्त्यावर ती दिसण्याचे काही कारण नाही. इथे दिसते ती जीप. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, आणि त्या घराण्याच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे वऱ्हाडात शेतमालापासून वऱ्हाडी मंडळींपर्यंत सगळे काही वाहत राहिल्या. तिचे स्टेअरिंग आणि त्या काळच्या कित्येक नामांकित स्पोर्ट्‌स कारचे स्टेअरिंग यांत दिमाखाचा फरक असेल, तत्त्वाचा नाही. पातळ रिमचे मोठे चाक, लांब सरळ कॉलम, तळाशी पेच कापलेल्या दांड्याचा बॉक्स, आणि सगळे बळ चालकाच्या खांद्याचे. म्हणून जीपवरून काढलेला निष्कर्ष त्या गाड्यांनाही लागू पडतो, आणि तिकडचा इकडे.

माणसाच्या आयुष्यात या चाकाची जागा कुठे आहे ते आधी पाहू, कारण जपण्याचा मुद्दा तिथूनच येतो. मूल पहिल्यांदा गाडी ‘चालवते’ ते बापाच्या मांडीवर बसून, उभ्या गाडीचे चाक गरागरा फिरवत. क्लच, गियर, ब्रेक ही पुढची शिकवणी. पण गाडी आपल्या हातात आहे ही जाणीव येते ती चाकामुळेच. ज्या घरात आजोबांच्या हाती दमणीचा कासरा होता, तिथे मुलाच्या हाती ट्रॅक्टरचे चाक आले, त्यावर एका हाताने वळवता यावे म्हणून लट्टू बसला, आणि नातवाने काळीपिवळी जीप धरली. पुढे डोळे अधू झाल्यावर घरचे म्हाताऱ्याकडून किल्ली काढून घेतात. उभ्या गाडीत बसून चाकावर हात ठेवायला कुणी मनाई करत नाही. इंजिन पाहिलेले असते, ऐकलेले असते, पण हाताखाली रोज येणारी वस्तू एकच. गाडीत मालकाची म्हणून काही खूण उरत असेल तर ती चाकावरच.

ही खूण कशी असते तेही जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या चाकाची रिम आत लोखंडी कडीची आणि वरून कडक रबराची किंवा प्लॅस्टिकची. ऊन खाऊन वरचे आवरण आकसते, आतले लोखंड आकसत नाही. त्या ओढाताणीत आवरण फाटते आणि बहुधा आऱ्या जिथे रिमला मिळतात तिथेच भेगा पडतात. हात पडतो तिथली नक्षी गुळगुळीत होते. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत गियरचा दांडा कॉलमवरच असे, त्यामुळे डावा हात सारखा चाक सोडून जाई आणि धरून ठेवण्याचे काम उजव्याकडे राही. साहजिकच घासही तिकडे जास्त. रिमच्या मागच्या बाजूला बोटांसाठी लाटा असतील तर त्यांच्या धारा मोडलेल्या असतात. हे सारे सँडपेपरच्या एका दुपारच्या कामाने नाहीसे होते. भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी कोरून एपॉक्सी भरायची, घासून गोलाई आणायची, प्रायमर मारून रंग द्यायचा, ही रीत चांगली आहे. पण ती भेगेपुरती ठेवावी. सबंध रिम घासून आरशासारखी केली की चाक नवे दिसते आणि कुणाचेही नसते. त्याहून वाईट म्हणजे मूळ चाक काढून बाजारातले आखूड ‘स्पोर्टी’ चाक बसवणे. जॅग्वार एक्सके १२० चे चाक १७ इंची होते ते डौलासाठी नव्हे. पॉवर स्टेअरिंग नसताना व्यास हीच ताकद. १७ इंचांऐवजी १३ इंची चाक लावले तर तेच वळण घ्यायला हाताला साधारण तीस टक्के जास्त जोर लागतो. शोभेसाठी केलेला बदल असा थेट खांद्यावर येतो.

आता नटाखाली उतरू. बॉक्समध्ये कॉलमच्या तळाशी पेच कापलेला असतो, त्याला मिस्त्री वर्म म्हणतात; विलीज जीपच्या रॉस बॉक्समध्ये त्याला कॅम म्हणतात आणि त्याच्या खाचेत आर्मचे खुंट फिरतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, वळते थोडी. म्हणून पेचाचा मधला भाग झिजतो आणि दोन्ही टोके जवळजवळ कोरी राहतात. चाकाला प्ले, म्हणजे मोकळी चाल, आली, गाडी इकडेतिकडे भटकायला लागली, की सोपा उपाय म्हणजे बॉक्सवरचा स्क्रू आवळणे. मधला प्ले त्याने जातो, पण टोकाला जिथे झीज नाही तिथे पेच आवळला जातो. मग वळणावर स्टेअरिंग जड होते, आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येणारे चाक अर्ध्यावर अडकून बसते. पुढची चाके जॅकवर उचलून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले तर ही जागा हाताला लगेच कळते. इथे स्क्रूने भागत नाही. वर्म किंवा कॅम नवाच लागतो. जात्याचा खुंटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झाला म्हणून कुणी फेकत नाही, पण पाळ्या बोथट झाल्या तर टाकी लावून घेतात. आजीच्या आठवणीखातर बोथट जात्यावर कुणी दळत बसत नाही.

यावर कायद्याचा आधार घेऊन आक्षेप येऊ शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांपर्यंतचा प्ले चालवून घेतो. मग एवढी चिकित्सा कशाला? हिशेब करून पाहावा. १६ इंची चाकाचा परीघ सुमारे १२८ सेंटीमीटर. ३० अंश म्हणजे त्याचा बारावा हिस्सा, साडेदहा सेंटीमीटर. हाताची चार बोटे आडवी धरली तर त्याहून जास्त अंतर चाक फिरते आणि पुढच्या चाकांना पत्ताच नसतो. समोरून कापसाने किंवा सोयाबीनने लादलेला ट्रक येतो आहे, रस्त्याची कड खचलेली आहे, तेव्हा हा साडेदहा सेंटीमीटरांचा उशीर परवडत नाही. जाणता मिस्त्री इंचभरापलीकडचा प्ले खपवून घेत नाही आणि त्याचे बरोबर आहे. नियमाने हद्द सांगितली आहे, तिथपर्यंत जाऊन बसावे असे नाही. त्याच नियमात जोडांवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात असेही आहे. ते वाक्य मात्र कुणी पुढे करत नाही.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा, आणि तो हौशी मंडळींना फार प्रिय. एकेक भाग बदलत गेलात तर गाडी जुनी कशी राहिली? २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली गाडी त्यात बसते. ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात. मूळ रूप राखायला सांगताना त्या नियमांनी नावे घेतली ती चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांची, स्टेअरिंगचे नाही. मला हे शहाणपणाचे वाटते. जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१२ ची ट्यूरिन सनदही १९६४ च्या व्हेनिस सनदेचा धागा धरून चालते. इमारतींच्या जपणुकीसाठी त्या व्हेनिस सनदेने घातलेला नियम असा: नवे जोडलेले नवे म्हणून ओळखू यावे. तेव्हा नवा कॅम बसवला तर तो कधी, कुणी बसवला हे लिहून ठेवावे, जुना भाग भंगारात न देता गाडीबरोबर ठेवावा, म्हणजे अस्सलपणाचे काही बिघडत नाही. जुन्या वस्तूला हात लावावा की नाही, लावलाच तर कुणी, हा प्रश्न या जिल्ह्याला नवीनही नाही. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या लेपनावरून चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि दशकानुदशके बंद राहिलेले मंदिर २०२३ च्या मार्चमध्ये उघडले. तिथे प्रश्न श्रद्धेचा होता, त्यात पडण्याचे मला कारण नाही. स्टेअरिंगच्या बॉक्समध्ये मात्र श्रद्धेला जागा नाही, कारण चुकीची किंमत मालकाबरोबर रस्त्यावरचा तिऱ्हाईतही मोजतो.

पैशाची अडचण त्याहून खरी आहे. ज्याची जीप हौसेची नसून पोटाची आहे, त्याला नवा बॉक्स सुचवणे सोपे, घेणे कठीण. पण इथे आपला लेथवाला कामाला येतो, आणि त्याच्याविषयी मला आदर आहे. पितळेचा बुश तासणे, पिन नवी करणे, कॉलमच्या वरच्या टोकाचे बेअरिंग बसवणे ही कामे तालुक्याच्या गावात उत्तम होतात; जीपचे सुटे भागही अजून बाजारात मिळतात. माझा विरोध आहे तो वेल्डिंगला. चिरलेल्या दांड्यावर किंवा बॉक्सखालच्या ड्रॉप आर्मवर वेल्डिंग मारले की बाहेरून तो मजबूत दिसतो. पण उष्णतेने शेजारच्या पोलादाचा टणकपणा बदलतो, आणि पुढची चीर तिथूनच निघते, सूचना न देता. जुगाडाचे कौतुक करणाऱ्यांनी तो कुठे करायचा याची हद्द आखावी. सीटच्या खाली, टपावर, डिकीच्या कडीला जरूर करावा. चाक काढतानाही हीच हद्द. पुलर नाही म्हणून खालून हातोड्याने ठोकून चाक उडवायचे, ही रीत वरचे बेअरिंग फोडते, आणि नंतरच्या काळातल्या, टकरीत दबणाऱ्या कॉलममध्ये तर आतल्या प्लॅस्टिकच्या पिनाच तोडते. काढण्यापूर्वी चाकावर आणि दांड्यावर एका रेषेत खूण करावी. नाहीतर गाडी सरळ जाते आणि चाकाच्या आऱ्या तिरक्या राहतात.

सर्वांत अवघड प्रश्न मी शेवटी ठेवला आहे, कारण तो माझ्याच म्हणण्यावर उलटतो. कॉलमच्या बाबतीत जिवाचीच काळजी असेल तर मूळ कॉलम ठेवायचाच कशाला? जीपचा बॉक्स पार पुढे चासीला, आणि तिथून चालकाच्या छातीपर्यंत एक अखंड पोलादी दांडा. समोरून टक्कर झाली की तो भाल्यासारखा मागे येतो. एक्सके १२० चा कॉलम लांब-आखूड करता येई, पण तो चालकाच्या उंचीसाठी, टकरीसाठी नव्हे. मर्सिडीजच्या बेला बारेन्यी यांनी दबणाऱ्या कॉलमची कल्पना मांडली, अमेरिकेत १९६८ च्या जानेवारीपासून नियम आला की ताशी ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळल्यावर कॉलमचे वरचे टोक १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत हे संरक्षण नाही, आणि मूळ भाग कितीही नीट बसवले तरी ते येणार नाही. मग अपघातग्रस्त नव्या गाडीचा कॉलम, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगसकट, जीपला लावावा का? लावणारे आहेत. मला ते पटत नाही. त्यासाठी मूळ दांडा कापावा लागतो, तो परत जोडता येत नाही. आणि दुसऱ्या गाडीच्या मोजमापाने बनलेला कॉलम इथे दबेल तसाच दबेल याची हमी कुणी घेतलेली नसते. झिजलेला भाग त्याच मापाच्या नव्याने बदलणे ही दुरुस्ती. गाडीची रचनाच नव्याने करणे हे कारखान्याचे आणि चाचणीचे काम आहे, गॅरेजचे नव्हे.

म्हणजे कॉलम बिनचूक केल्यावरही धोक्याचा एक हिस्सा उरतोच, आणि त्याला उत्तर पान्यात नाही, वेगात आहे. टकरीचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ऐवजी ८० वर तो चौपट. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा हे तालुके कापत जातो आणि मोटारींना १२० पर्यंत मुभा देतो. ट्रॅक्टर, दुचाकी, तीनचाकी यांना तिथे मज्जाव आहे. १९६८ आधीच्या कॉलमच्या गाडीला मालकाने तो आपणहून घालावा, आणि वाशीमहून कारंज्याला मंगरूळपीरच्या जुन्या रस्त्यानेच जावे.